मेबल गाडीचा नव्वदावा दिवस

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. नुसती गाडी म्हटलेलं मला आवडत नाही, कारण माझ्या पोटात दोन माणसांचं अख्खं घर आहे. बिछाना आहे, दोन चुलींची शेगडी आहे, हात धुवायला बेसिन आहे, आणि डाव्या वळणावर आपोआप उघडणारं एक कपाट आहे. माझं नाव मेबल, वय बावीस. माणसांत बावीस म्हणजे लग्नाचं वय, गाड्यांत मात्र या वयाला भंगारवाले प्रेमाने बघू लागतात. त्यामुळे मी स्वभावाने भित्री झाले आहे. तरीही गेल्या मार्चमधल्या गुरुवारी मला जी भीती वाटली तिच्यापुढे भंगारवाल्याची भीती काहीच नाही.

कारखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा पत्र्याची रिकामी पेटी होते. माझ्या नशिबात एका बेकरीचे पाव वाहायचे होते, पण वेल्समधल्या लानेली गावच्या विल्फ ट्रेहार्नने मला पाहिलं आणि बेकरीवाल्याच्या आधी घेऊन टाकलं. एका सुताराने माझ्या पोटात फळ्या ठोकल्या, विल्फच्या बायकोने, ग्लेनिसने, पडदे शिवले, आणि मी घर झाले.

ग्लेनिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. आजही ती दोघांसाठी बटाटे उकडायला घेते तेव्हा दोनशे मुलांचा अंदाज हातातून जात नाही. विल्फ एकतीस वर्षं शववाहिनी चालवत होता. त्याच्या मागे झोपलेल्यांपैकी कुणी कधी घाई केली नाही, म्हणून त्याला ताशी पासष्टच्या पुढे जायची सवयच लागली नाही. माझ्या मागे लागलेल्या गाड्यांच्या रांगा बघून पहिल्यांदा मला वाटलं होतं, आपली मिरवणूकच निघाली आहे. चालकांच्या तोंडाकडे पाहिल्यावर गैरसमज दूर झाला.

दर हिवाळ्यात आम्ही बोटीने समुद्र ओलांडून स्पेनच्या उत्तरेला, सांतांदेर बंदरात उतरायचो, आणि तिथून दोन दिवस रमतगमत दक्षिणेला, अलिकांतेकडच्या किनाऱ्यावर. तिथे ग्लेनिसची थोरली बहीण डिलिस राहते. वीस वर्षांपूर्वी ती गुडघ्यांना ऊन हवं म्हणून गेली आणि गुडघे बरे झाल्यावरही परतली नाही. आम्ही गावाबाहेरच्या तळावर उतरायचो. तळ म्हणजे माझ्यासारख्या घर-गाड्यांनी मुक्काम करायचं मोकळं मैदान. तिथे सगळा व्यवहार रात्रींवर चालतो. 'किती रात्री राहणार?' असंच विचारतात. विल्फकडे एक वही आहे. बावीस वर्षांतल्या प्रत्येक रात्री मी कुठे उभी होते, पाणी कुठे भरलं, शेजारचा कुत्रा भुंकला की नाही, सगळं तिच्यात आहे. कौतुकही पुष्कळ झालं माझं. जर्मन लोक येऊन माझे पडदे बघून जात.

मग विल्फच्या देशाने मतदान घेऊन शेजाऱ्यांच्या मंडळातून आपलं नाव काढून घेतलं. मत कुणी कुणाला दिलं हे आमच्याकडे विचारत नाहीत. डिलिसने फोनवर एकदा विचारलं, तेव्हा विल्फ गॅसची टाकी तपासायला बाहेर गेला आणि अर्धा तास तपासत राहिला.

नाव काढल्यावर नवा नियम लागू झाला. कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत जास्तीत जास्त नव्वद दिवस पलीकडे राहायचं, बास. सुरुवातीला अधिकारी पासपोर्टावर शिक्के मारत. एखादा शिक्का फिका उठे, एखादा राहून जाई, माणसाचं काम माणसासारखं चाले. पुढे शिक्के गेले आणि यंत्रं आली. बोटं टेकवा, चेहरा दाखवा. आता यंत्र मोजतं. यंत्राला जांभई येत नाही.

तेव्हापासून तळावरचं बोलणंच बदललं. पूर्वी सकाळी भेटल्यावर हवेबद्दल बोलायचे. आता दात घासायला निघालेला माणूस दुसऱ्याला विचारतो, "किती उरले?" आणि दुसरा तोंडातला फेस सांभाळत उत्तर देतो, "एकोणतीस." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, या मैदानावर सगळे आजारी आहेत.

खरी आजारी डिलिस होती. ऑक्टोबरात तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही असं निघालं. आम्ही धावत गेलो आणि वीस रात्री राहिलो. नाताळात पुन्हा गेलो, तीस रात्री. मग ऑपरेशनची तारीख मिळाली, मार्चच्या दुसऱ्या गुरुवारची. तिला ना नवरा ना मूल. शेजारीण एन्कार्ना तेवढी आहे, जिने तरुणपणी संत्र्यांचा ट्रक चालवला आणि अजूनही माणसांशी ट्रकच्या आवाजावरून ओरडावं तसं बोलते.

डिलिस माझ्या पायरीवर बसून ग्लेनिसला म्हणाली होती, "हे बघ, मला मरायची भीती नाही. मला डोळे उघडल्यावर अनोळखी छत दिसायची भीती वाटते. तू दिसली पाहिजेस."

"मी छतासारखी दिसते का?"

"रुंदीने तेवढीच आहेस. चेष्टा सोड. येशील ना?"

"दुसरीकडे कुठे जाऊ मी?" ग्लेनिस म्हणाली.

म्हणून विल्फने वही काढून नीट बेत आखला. फेब्रुवारीच्या तीन तारखेला उतरायचं. गुरुवारी ऑपरेशन, शुक्रवारी सकाळी डिलिसला भेटून निघायचं, रविवारी सांतांदेरहून बोट. वीस अधिक तीस अधिक चाळीस, बरोबर नव्वद. स्वतःवर इतका खूष झालेला विल्फ मी क्वचितच पाहिला होता.

ऑपरेशनच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या गाडीतला नेव्हिल ऑग्डेन चहाचा कप घेऊन आला. नेव्हिल इंग्लंडमधल्या लँकेशायरचा, निवृत्त गणित शिक्षक. तळावर कुणी काही चुकतंय का हे बघत तो दिवसभर फिरतो.

"काय विल्फ, किती उरले?"

"पाच. रविवारी बोट."

"रविवारी? अरे, तुम्ही ऑक्टोबरात होतात, नाताळातही होतात. तू मोजलंस कसं?"

"वहीत आहे ना. वीस रात्री, तीस रात्री, आणि आजपर्यंत पस्तीस."

नेव्हिलने कप माझ्या बॉनेटवर ठेवला. त्याचा हात थांबला तो मला पत्र्यातून जाणवला.

"रात्री मोजल्यास?"

"मग काय मोजायचं? तळावर रात्रीच मोजतात."

"तळावर मोजतात. पोलीस दिवस मोजतात. सोमवारी आलास, मंगळवारी गेलास, तर तळवाला म्हणतो एक रात्र. पोलीस म्हणतो दोन दिवस. आल्याचा दिवस एक, गेल्याचा दिवस एक. तू तीन फेऱ्या केल्यास. प्रत्येक फेरीत एक दिवस तुझ्या वहीतून गळाला." त्याने आवाज चढवला. "ग्लेनिस, जरा बाहेर ये गं. तुझ्या नवऱ्याने रात्री मोजल्यात."

ग्लेनिस हातात बटाटा आणि सुरी घेऊन दारात आली.

"आज तुमचा अठ्ठ्याऐंशीवा दिवस आहे," नेव्हिल म्हणाला. "गुरुवार हा नव्वदावा. गुरुवारी मध्यरात्रीच्या आत तुम्ही बाहेर पाहिजेत."

मित्रांनो, माझ्यात बारा व्होल्टची बॅटरी आहे. त्या क्षणी ती बाराची दहा झाली असावी. आतला दिवा मंदावला, आणि तो कुणी मंद केला नव्हता.

"आणि नाही गेलो तर?" विल्फने विचारलं.

"कुणी सांगू शकत नाही. नुसता दम देतील. दंड करतील. किंवा म्हणतील, आता काही वर्षं येऊ नका." नेव्हिलने कप उचलला. निरोप घेताना त्याला पहिल्यांदाच काही दुरुस्त करायला सुचलं नाही.

दार बंद झाल्यावर आत जे बोलणं झालं ते मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं, पण तुम्ही मुलं आहात, समजून घ्याल.

"आत्ता निघालो तर गुरुवारी सकाळी सांतांदेरला पोहोचू," विल्फ म्हणाला. "बोट बदलून मिळेल."

"आणि डिलिस?"

"मग राहू. तीनच दिवस तर आहेत. रविवारी सांगू, चुकलं साहेब, म्हातारा आहे."

"सांगणार कुणाला? यंत्राला?" ग्लेनिसचा बटाटा सोलून सोलून लिंबाएवढा झाला होता. "विल्फ, गुरुवारी मी तिच्यासमोर उभी राहीन. पण त्यापायी मला काही वर्षं येऊ दिलं नाही तर? ती अठ्ठ्याहत्तरची आहे. नंतर काय, फोनमध्ये तोंड दाखवू तिला?"

विल्फ वहीची पानं मागेपुढे करत राहिला.

"एकतीस वर्षं एकदाही उशीर झाला नाही म्हणून सांगतोस. आणि आता..." तिने बटाटा पातेल्यात टाकला. तो बुडालासुद्धा आवाज न करता.

बऱ्याच वेळाने विल्फ पुढे येऊन चालकाच्या जागेवर बसला. किल्ली लावली नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. माझ्या लक्षात आलं, आता काहीतरी वाईट ठरतंय. माणसं मला सुरू न करता स्टिअरिंग धरतात तेव्हा चांगलं काही ठरत नाही.

"अलिकांतेहून विमान आहे," तो म्हणाला. "गुरुवारी संध्याकाळी सात चाळीसचं. सकाळी आठ वाजता ऑपरेशन, बारापर्यंत संपेल म्हणतात. दोनपर्यंत ती जागी होईल. तू तिला दिसशील, आणि आपण मध्यरात्रीच्या आत बाहेर."

"आणि मेबल?"

"मेबलला नव्वद दिवसांची अट नाही. ती सहा महिने राहू शकते." मग तो खूप हळू म्हणाला, "ती राहील."

बावीस वर्षांत त्या माणसाने मला एक रात्रही परक्या ठिकाणी एकटी सोडलं नव्हतं. मी कपाटाचं दार उघडलं. वळण नव्हतं, तरी उघडलं. विल्फने ते उठून लावलं, आणि हात थोडा वेळ दारावरच ठेवला.

गुरुवारी सकाळी मी हॉस्पिटलच्या आवारात उभी होते. एन्कार्ना बरोबर आली होती. मला परत नेऊन आपल्या संत्र्याच्या बागेत ठेवायचं तिने मान्य केलं होतं. तिला इंग्रजी येत नाही, विल्फला स्पॅनिश येत नाही, त्यामुळे दोघांचं चांगलं जमतं. निरोप लागलाच तर ग्लेनिस मोडकंतोडकं सांगते.

आठ वाजता डिलिसला आत नेलं. बारा वाजले. एक वाजला. विल्फने माझ्या शेगडीवर चहा केला. पिऊन झाला, पुन्हा केला. एन्कार्नाने एक संत्रं सोललं, फोडी मांडल्या, आणि कुणी खाल्लं नाही म्हणून दुसरं सोललं. दोन वाजता ग्लेनिस धावत बाहेर आली.

"अजून आतच आहे. कुणी काही सांगत नाही."

"वेळ लागतो कधीकधी," विल्फ म्हणाला. ज्या माणसाने जन्मभर दुःखी माणसांना गाडीत बसवलं, त्याच्या तोंडी हे वाक्य फार सराईत होतं. ग्लेनिसने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुन्हा चहाचं आधण ठेवलं.

तीन वाजता ऑपरेशन संपलं. पण डिलिस जागी होईना. चार वाजले. माझ्या समोरच्या पाटीवर घड्याळ होतं आणि मी त्याच्याकडे तोंड करूनच उभी होते. मित्रांनो, गाडीला मान वळवता येत नाही. पाच वाजले. पाचला निघायचं ठरलं होतं. विल्फ आत जाऊन आला, एकटाच.

"ती बिछान्याचा दांडा सोडत नाही," त्याने एन्कार्नाला इंग्रजीत सांगितलं. एन्कार्नाला सगळं कळलं.

विमानतळावर नव्या यंत्रांपुढे दोन दोन तासांच्या रांगा लागतात असं नेव्हिल सांगून गेला होता. नेव्हिल कधी कधी बरोबर असतो, हीच तर भीती.

पाच पंचवीसला ग्लेनिस आली. चपला हातात होत्या. तिला काही विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. विल्फ चालकाच्या जागेवर चढला, पट्टा लावला, आरसा पुसला, दुसरा आरसा पुसला, आणि एन्कार्नाने त्याचं दार उघडलं.

"उतर."

"काय?"

"उतर म्हणते ना. तू नेलंस तर आपण पोचेपर्यंत विमान घरी जाऊन झोपेल." हे सगळं स्पॅनिशमध्ये. विल्फला एक शब्द कळला नाही आणि तो उतरला. पासष्टच्या पुढे आपल्याला जाता येत नाही, हे त्याला कोणत्याही भाषेत माहीत होतं.

एन्कार्ना चढली. "स्टिअरिंग उजवीकडे! देवा, या लोकांना काहीच सरळ जमत नाही का?" आणि तिने मला गिअरमध्ये टाकलं.

मी त्याआधी कधी पळाले नव्हते. पळणं म्हणजे काय ते मला त्या रस्त्यावर कळलं. नव्वदला माझ्या काचा बोलू लागल्या. शंभरला बेसिनखालून कसलासा आवाज आला, जो मी स्वतः कधी ऐकला नव्हता. एकशे दहाला कपाट उघडलं आणि त्यातून चमचे, साखर आणि विल्फचे मोजे एकामागून एक बाहेर आले. मला दिसत होतं की आता आपलं चाक निखळणार, किंवा इंजिन थांबणार, आणि ही दोन माणसं माझ्यामुळे रस्त्याच्या कडेला उभी राहणार, मध्यरात्र होणार, आणि कुठेतरी एक यंत्र लाल होणार. मी देवाला काही मागितलं नाही. मी फक्त तेल सांडायचं नाही असं ठरवलं.

"थोडं सावकाश," विल्फ वरची मूठ धरून म्हणाला.

"तुझ्या मागची माणसं यावेळी जिवंत आहेत," ग्लेनिस म्हणाली. "गप्प बस."

आणि मग ती रडायला लागली. साखरेत पाय रुतवून, हातात चपला घेऊन ती माझ्या बिछान्यावर बसली होती.

"जागी झाली?" विल्फने वळून विचारलं.

"पाच वाजून अठरा मिनिटांनी. डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. ओळखलं, विल्फ. आधी छताकडे बघितलं आणि मग माझ्याकडे."

"काही बोलली?"

"नळी होती तोंडात. तिने बोट हलवलं. मला वाटलं पाणी हवंय. तर ती भिंतीवरचं घड्याळ दाखवत होती. मग दाराकडे बोट केलं." ग्लेनिसने चपलेनेच डोळे पुसले. "मला हाकललं तिने. जन्मभर मला ये ये म्हणणारी बाई, मला हाकललं."

एन्कार्नाने मागे बघितलं नाही. पण तिने पाय आणखी दाबला, आणि मीही, खरं सांगते, आणखी दिलं. माझ्यात तेवढं होतं हे मला माहीत नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी ते उतरले. विल्फने माझ्या बॉनेटवर थाप मारली. त्याला वाटलं कुणी बघत नाही. मग दोघं काचेच्या दारातून आत गेली, आणि दारं मिटली.

आता मला काही कळायचा मार्ग नव्हता. मी आणि एन्कार्ना आवाराबाहेर रस्त्याकडेला उभ्या राहिलो. ती चमचे गोळा करत होती आणि ट्रकशी बोलायची सवय असल्यामुळे माझ्याशी बोलत होती. "घाबरू नकोस म्हातारे. रांग असते. सगळीकडे असते." पण मोजे तिने तीनदा घडी केले आणि तीनदा उलगडले. माझ्या मनात फक्त एकच चित्र होतं. एक अधिकारी पडद्याकडे बघतो आहे, आणि बोटांवर दिवस मोजतो आहे. नेव्हिलचं गणितही चुकलं असेल तर? नव्वद नसून एक्क्याण्णव असतील तर?

सात वाजून वीस मिनिटांनी तिचा फोन वाजला. तिने निरोप वाचला, आणि गिअरची दांडी अशी ओढली की माझे दात असते तर पडले असते.

"आत बसले," ती मला म्हणाली. "म्हणजे बाहेर गेले."

पुढचं मला डिलिसच्या फोनवरून कळलं. ती आता घरी आली आहे. छातीवर टाके आहेत, काही उचलायचं नाही, म्हणून एन्कार्नाचा हात धरून दुपारी बागेत येते आणि माझ्या पायरीवर बसून बहिणीशी बोलते. फोनचा आवाज ती मोठा ठेवते. अधिकारी तरुण मुलगी होती म्हणे. तिने पडद्याकडे बघितलं, मग ग्लेनिसच्या साखरेने माखलेल्या पायांकडे. म्हणाली, "आज तुमचा शेवटचा दिवस आहे हे माहीत आहे ना?" विल्फ म्हणाला, "होय बाई, आम्हाला एकाने शिकवलं." मुलीने जायला सांगितलं. बस, एवढंच झालं. आणि मी त्यासाठी दोन वर्षांचं आयुष्य घालवलं.

एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरातले जुने दिवस एकेक करून गळायला लागतील, तेव्हा ती दोघं पुन्हा येऊ शकतील, एकवीस दिवसांसाठी. नेव्हिलने तीनदा मोजून सांगितलं आहे. मी बागेत उभी आहे. माझ्यावर धूळ बसली आहे, टपावर संत्र्याची पानं. डिलिसला अजून चार पावलांत धाप लागते, आणि रोज दुपारी ती आली नाही की मला वाटतं, आज काहीतरी झालं. मग ती येते. उद्याचं मला माहीत नसतं. परवा गावातली मुलं कुंपणावरून आत आली आणि माझ्या मागच्या काचेवर धुळीत बोटाने त्यांच्या भाषेत 'बेवारस' असं लिहून हसत पळाली. एन्कार्नाने तो शब्द वाचला आणि त्यांच्या मागे अर्धं गाव धावली.

म्हणून मित्रांनो, तुमच्या गल्लीतही कधी दूरच्या नंबराची एखादी धुळकट गाडी बरेच दिवस उभी दिसली, तर तिच्यावर काही लिहू नका. गाडीत कुणी नाही, म्हणजे ती कुणाची नाही असं नसतं. तिची माणसं हद्दीच्या पलीकडे कुठेतरी टेबलाशी बसून दिवस मोजत असतील, चुकेल या भीतीने पुन्हा पहिल्यापासून मोजत असतील. तुमचं बोट धुळीत जायच्या आत जरा थांबा. घरातून एक फडकं आणा, आणि काच पुसा.